बोहल्याखालच्या सहा जाळ्या

"नका बाईसाहेब, इथं नका घालू बोहलं. हात जोडून सांगतो. ह्या भिंतीतून बंगल्याची हवा बाहेर जाते."

"मग जाऊ दे की दुसरीकडून."

"दुसरीकडून आत येते, बाईसाहेब. आत आलेली बाहेर नको का जायला? तलावाकडच्या सहा जाळ्यांनी घुसते, ह्या सहांनी निघते. इथं मुरूम टाकला का साऱ्या बुजल्या. मंग खाली सीलन, ओल धरनार, अन् सीलन धरली का लाकूड गेलंच समजा."

जानकीबाईंनी पदर सावरला. "खंडोजी, लग्न माझ्या सुमंगलेचं आहे की तुझ्या जाळ्यांचं?"

मातीच्या विटा मोजत बसलेला विठोबा गवंडी मिशीत हसला. खंडोजीनं त्याच्याकडं बघितलं तसं त्यानं हसू गिळलं आणि विटा पुन्हा पहिल्यापासून मोजायला घेतल्या.

"बोहलं पूर्वेलाच. गुरुजींनी सांगितलंय," जानकीबाई म्हणाल्या. "आणि देवासची मंडळी मांडवातून सरळ ओसरीवर यायला हवीत. चढ-उतार नको. विहीणबाईंचे गुडघे धरलेत."

म्हणजे विहीणबाईंच्या गुडघ्यांसाठी अख्खं अंगण दीड हात वर उचलायचं होतं. खंडोजी खाली वाकला, भिंतीतली लोखंडी जाळी त्यानं पंज्यानं झाकून बघितली. हाताला गार हवा लागत होती. वैशाखाच्या उन्हात अशी गार हवा साऱ्या धार गावात कुणाच्या भिंतीतून येत नसेल.

"मंग लगन झालं का मुरूम काढायचा ना?"

"काढू रे बाबा, काढू."

जानकीबाई आत गेल्या. विठोबानं बंडीच्या खिशातून बिडी काढली. "खंडोजी भिया, तू बी काय मोठ्या लोकांला हवा शिकवायला निघाला."

"विठोबा, मानसाचं तोंड उघडं ठेवलं अन् ढुंगन शिवलं, तर काय व्हईल?"

"फुगंल."

"बस. तेच व्हनार हाय ह्या बंगल्याचं. मांड आता तुझ्या विटा."

हे चोपन्न सालचं. खंडोजी तेव्हा पंचेचाळिशीचा होता आणि त्यातली पंचवीस वर्षं त्यानं त्या बंगल्याखाली काढली होती. बंगल्यात नव्हे, खाली.

त्याचे वाडवडील पवारांच्या फौजेबरोबर माळव्यात आले ते तंबू ठोकायला. लढले ते दुसरे, त्यांची नावं कागदात राहिली. ह्यांच्या हाती मेखा आणि दोर. पुढं तंबू गेले, तरी फराशी, बिछायती-गालिच्यांची चाकरी, राहिली. थोरला भाऊ तिरल्याला शेताच्या तुकड्यावर बसला आणि खंडोजी विशीत दरबारच्या फरासखान्यात लागला. तिथून त्याला ह्या बंगल्यावर धाडलं. बंगला दरबारच्या पाहुण्यांसाठी बांधलेला, ऐन तलावाच्या काठी. पाहुण्यांना पाणी बघायला आवडतं, पण पाणी नुसतं बघण्यापुरतं राहत नाही. खालची जमीन काळी. उन्हाळ्यात भेगाळून हात जाईल एवढी फाटायची, पावसाळ्यात भिजून फुगायची. म्हणून बांधणाऱ्यानं जमिनीवर दगडी खांब उभे केले, त्यांवर लाकडी कड्या टाकल्या आणि कड्यांवर सागाच्या फळ्या ठोकल्या. फळ्या आणि माती यांच्यामध्ये दीड हाताची पोकळी. त्या पोकळीला खंडोजी 'तळ' म्हणायचा. उत्तरेच्या भिंतीत तळात शिरायला एक बुटकं दार होतं. आत शिरायचं ते पालथं पडून, कोपरांवर.

हे काम कुणालाच नको होतं. विंचू, कोळिष्टकं, मेलेली मांजरं. खंडोजीनं पहिल्या वर्षी केलं ते भीतीनं, दुसऱ्या वर्षी सवयीनं, आणि मग त्याला त्याची गोडी लागली. दर वैशाखात तो बाराही जाळ्यांतली घरटी आणि कोळिष्टकं झाडून काढी. भिंतींच्या बुडाशी चुना मारी. न्हाणीघराचं पाणी भिंतीपासून लांब निघावं म्हणून मोरीला उतार देई. काळी माती उघडी राहिली की ती रात्रंदिवस वाफ सोडते, हे त्यानं हातानं चाचपून ओळखलं होतं. म्हणून पडक्या घोडशाळेच्या फुटक्या फरश्या त्यानं एकेक करून आत ओढल्या आणि साऱ्या तळात मातीवर अंथरल्या. तीन उन्हाळे लागले. त्या तीन उन्हाळ्यांत त्याच्या कोपरांना उंटाच्या गुडघ्यासारखे घट्टे पडले, ते कायमचे.

आणि तळात पाच ठिकाणी त्याच्या पाच पणत्या असत. पणत्यांत तेल नव्हे, खडेमीठ. चार कोपऱ्यांत चार, मधोमध एक. दर शनिवारी आत जाऊन तो मीठ बोटानं चाळायचा. खडे सुटे वाजले तर ठीक. चिकटले तर कुठली तरी जाळी तुंबलीय. पाणी सुटलं तर खैर नाही. सुमंगला परकरी पोर असताना बुटक्या दाराशी उकिडवी बसून विचारायची, "काका, आज मीठ काय म्हणतं?" तो आतून ओरडायचा, "मीठ म्हनतं, ताई, झोपा सुखानं!"

अठ्ठेचाळीस साली संस्थान विलीन झालं. बंगला जानकीबाईंच्या यजमानांकडं, भैयासाहेबांकडं आला. ते दरबारच्या खासगीकडं मोठ्या हुद्द्यावर होते. बंगल्याबरोबर आरसे आले, मेजं आली, खंडोजी आला. पन्नास साली नव्या सरकारचा कारकून जुन्या दरबारी नोकरांची यादी करत फिरला. खंडोजीच्या नावापुढं चौकीदाराची जागा होती, पक्की, सरकारी, गंधवानीला. भैयासाहेबांनी त्याला ओसरीवर बोलावलं.

"गंधवानीच्या जंगलात काय मरायला जातोस? तुझ्यावाचून हा बंगला पाहणार कोण? विहिरीजवळची खोली तुझी. मी आहे तोवर, आणि माझ्यामागंही. हा माझा शब्द."

खंडोजीनं कारकुनाला नाही म्हणून सांगितलं. त्याची बायको जमुनाबाई हे आयुष्यभर विसरली नाही आणि त्यालाही विसरू दिलं नाही. दिवसातून एकदा तरी पातेलं आपटून म्हणायची, "सरकारी चौकीदाराची बायको झाली असती मी. झाली कोनाची? घुशीची!"

लग्न थाटात झालं. देवासची मंडळी ओसरीवर सरळ चालत आली, विहीणबाईंचे गुडघे शाबूत राहिले, गोपाळराव जावई देखणे होते. मांडव उतरला. आठ दिवसांनी खंडोजी कुदळ-फावडं घेऊन आला.

"थांब," जानकीबाई म्हणाल्या. "बोहल्याला हात लावायचा नाही. आमच्याकडं लेकीचं पहिलं बाळंतपण माहेरी होईपर्यंत बोहलं मोडत नाहीत."

"बोहलं राहू द्या. बाजूचा मुरूम काढतो."

"मुरूम काढलास की बोहलं ढासळेल. त्याच्याच आधारावर तर उभं आहे."

हे खरं होतं. विठोबानं ते तसंच बांधलं होतं. खंडोजी फावडं खांद्यावर टाकून परत गेला. मृगाला पंधरा दिवस होते.

श्रावणातल्या एका शनिवारी तो तळातून मधली पणती तशीच हातावर तोलत बाहेर आला आणि ओसरीवर पेपर वाचणाऱ्या भैयासाहेबांपुढं त्यानं ती ठेवली.

"हे काय?"

"मीठ होतं, सरकार."

पणती काठोकाठ पाण्यानं भरली होती. भैयासाहेबांनी चष्मा वर करून तिच्यात बघितलं.

"पावसाळा आहे. मीठ पाझरणारच. स्वयंपाकघरातलंही पाझरतं."

"पंचवीस साल पाझरलं नाय, सरकार. पलीकडून हवा आत येते, पन तलावावरची, ओली. अन् आत आली का बाहेर जायला वाटच नाय. तिथंच बसून ऱ्हाते. खाली बुरशी दिसायला लागली."

"साग आहे रे तो. सागाला काय होतंय?"

"फळ्या सागाच्या हायत. खालच्या कड्या आडजातीच्या. वर साग दिसतो, सरकार, बोजा आडजात उचलते. अन् मुरूम भिंतीला टेकलाय, कड्यांची टोकं त्याच भिंतीत हायत. वाळवीला आयती शिडी करून दिली आपन."

भैयासाहेब पेपराकडं वळले. "बाईसाहेबांना विचार."

बाईसाहेबांना विचारून झालं होतं. मग खंडोजीनं जे केलं ते न विचारता केलं. बोहल्यापासून सगळ्यांत लांबच्या जाळीसमोर, दक्षिणेच्या टोकाला, त्यानं मुरमात हातभर रुंदीचा चर खणला. जाळी मोकळी केली, पावसाचं पाणी चरात शिरू नये म्हणून कडेला मातीचा बांध घातला, वर पत्र्याचा तुकडा तिरका लावला. बोहल्याच्या एका विटेलाही धक्का नाही. आठ दिवसांनी त्या कोपऱ्यातल्या पणतीतलं मीठ सुटं झालं. खंडोजी ते मुठीत घेऊन घरी आला आणि जमुनाबाईच्या कानाशी खुळखुळवलं.

"ऐक."

"मीठ हाय."

"बोलतंय बघ."

"वरनात टाक, म्हंजी गप्प बसंल," ती म्हणाली. पण हसली.

त्याच्या चौथ्या दिवशी देवासहून पत्र आलं. सुमंगलेला दिवस गेले होते, तिसऱ्या महिन्यात मूल गेलं.

घरात रडारड झाली. दुपारी जानकीबाई अंगणात आल्या, बोहल्यापाशी बराच वेळ उभ्या राहिल्या, त्याला हळदीकुंकू वाहिलं आणि वळताना त्यांना पत्रा दिसला. पत्र्याखालचा चर दिसला.

"खंडोजी!"

तो विहिरीवरून धावत आला.

"कधी खणलंस हे?"

"झाले दहा-बारा दिवस, बाईसाहेब. बोहल्याला नाय लावला हात. बघा तुमीच, किती लांब…"

"बारा दिवस." त्यांनी बोटं मोजली. पत्रातली तारीख त्यांच्या डोक्यात होती. "माझ्या लेकीच्या बोहल्याशी कुदळ चालवलीस तू. नको नको म्हणत असताना."

खंडोजीला आधी समजलंच नाही. समजलं तेव्हा त्यानं विहिरीवरून तसाच आणलेला पोहरा खाली ठेवला. ही पोर त्याच्या दाराशी बसून मीठ विचारायची.

"बाईसाहेब, असं नका बोलू. जाळीचा अन् त्या लेकराचा काय संबंध?"

"बूज ते. आत्ता. माझ्यासमोर."

त्यानं स्वतःच्या हातानं चर बुजवला. त्या उभ्या राहिल्या, शेवटचं फावडं पडेपर्यंत. मग त्यांनी तळाच्या बुटक्या दाराला पितळी कुलूप घातलं, किल्ली कमरेच्या जुडग्यात अडकवली आणि म्हणाल्या, "पुन्हा खाली गेलास तर खोली सोडायची."

तेव्हापासून खंडोजी बागेला पाणी घाली, दिवे पुशी, सामान आणी. शनिवारी त्याचे हात रिकामे असत. बाहेरून भिंतीला कान लावून तो ऐकायचा. वाळवी लाकूड खाते तेव्हा बारीक आवाज येतो, तीळ तव्यावर तडतडावेत तसा. त्यानं दोनदा सांगितलं भैयासाहेबांना. एकदा दिवाळीत, एकदा होळीला. दिवाळीत ते म्हणाले, सणाच्या दिवशी हे काय. होळीला त्यांनी पेपराचं पान उलटलं.

"गप बस आता," जमुनाबाई म्हणाली. "घर त्यांचं. पडंल तर त्यांच्या डोक्यावर."

"खोली बी त्यांचीच हाय."

"म्हनून तर गप बस म्हनते."

पंचावन्न साली भाद्रपद अधिक आला. सुमंगला पुन्हा गरोदर होती, सातवा लागला होता, आणि बाळंतपणाला माहेरी आली होती. अधिकमासाचं वाण द्यायला जावयाला बोलावणं गेलं. गोपाळराव आले, दोन मित्र घेऊन. दिवाणखान्यात पूर्वेच्या भिंतीशी पाट मांडला, भोवती रांगोळी घातली. पितळी ताटात तेहतीस अनारसे, त्यावर तेवता दिवा. बाहेर दोन दिवसांची झड लागलेली. खंडोजी दारात समई धरून उभा होता. पाट कुठं मांडलाय ते त्यानं बघितलं आणि समई घेऊन भैयासाहेबांजवळ सरकला.

"सरकार, पाट जरा अलीकडं घ्या," तो हळूच म्हणाला. "मधल्या खांबावर."

"आता ह्यातही तुझं?" भैयासाहेब दात आवळून बोलले.

गोपाळराव पाटावर बसले तोवर काही झालं नाही. ताट हातात घेऊन उठले, सगळा भार एका पायावर आला, आणि सुपारी फुटावी तसा कडकन आवाज झाला. फळी खाली गेली, तिच्याबरोबर जावयाचा पाय मांडीपर्यंत गेला. अनारसे चारी दिशांना घरंगळले. भोकातून जुन्या गोधडीसारखा कुबट वास वर आला आणि साऱ्या दिवाणखान्यात पसरला. पंख फुटलेली वाळवी दिव्याकडं झेपावली.

हाड मोडलं नव्हतं, पण मांडी सोलून निघाली होती. मित्रांनी गोपाळरावांना उचलून कोचावर टाकलं. सुमंगला भिंतीला धरून उभी राहिली. देवासच्या मित्रांपैकी एक भोकात डोकावून म्हणाला, "बाप रे, भैयासाहेब, आपण तर पोखरलेल्या घरात राहताय." खरं तर तो हिंदीतच म्हणाला, आणि भैयासाहेबांना ते हिंदीत जास्तच झोंबलं.

"खंडोजी!" ते ओरडले. "पंचवीस वर्षं झाली तुला इथं ठेवून. कशासाठी? हे खालचं तुझ्या ताब्यात होतं. काय करत होतास तू?"

सगळे त्याच्याकडं वळले. खंडोजीच्या हातात समई तशीच होती. त्यानं जानकीबाईंकडं बघितलं, मग त्यांच्या कमरेच्या जुडग्याकडं. पितळी किल्ली इतर किल्ल्यांत वेगळी दिसत होती. जानकीबाईंनी पदर ओढून जुडगा झाकला.

बोलायला एवढंच होतं की किल्ली तिथं आहे. पण पाहुणे होते, जावई होता, सातव्या महिन्यातली पोर उभी होती. आणि तो म्हणाला असता, तर कुणी ऐकलं असतं? त्यानं समई खाली ठेवली आणि अनारसे वेचायला लागला.

"दसऱ्यापर्यंत खोली रिकामी कर," भैयासाहेब म्हणाले.

जमुनाबाईला त्यानं सांगितलं तेव्हा तिनं पातेलं आपटलं नाही. ती उठली, बाहेरच्या दोरीवरची लुगडी काढून घड्या घालायला लागली. "तिरल्याला भावजय दारात उभी करनार नाय," एवढंच म्हणाली. घुशीची बायको असं काही म्हणाली नाही. तेच त्याला जास्त लागलं.

चौथ्या दिवशी गोपाळरावांच्या ओळखीचा एक ओव्हरसिअर इंदूरहून आला. पॅंट, टोपी, हातात फुटपट्टी. बंगल्याभोवती एक फेरी मारली. बोहल्यापाशी थांबून बुटानं मुरूम उकरला.

"इधर व्हेंटिलेशन था?" त्यानं विचारलं. "हवा एका बाजूनं येते आणि दुसरीकडून जात नाही. सगळी ओल आत कोंडलीय. हे आजच्या आज फोडा, नाहीतर नव्या कड्याही दोन वर्षांत जातील."

"अगदी बरोबर," भैयासाहेब म्हणाले. "अगदी शास्त्रशुद्ध बोललात."

"बोहलं…" जानकीबाई पुटपुटल्या.

"अहो, पोर इथं राहणार आहे बाळंतपणाला. तिच्या पायाखालची फळी गेली तर?" भैयासाहेब त्यांना म्हणाले.

जानकीबाईंनी बोहल्यावर दोन चिमट्या हळदीकुंकू टाकलं, नमस्कार केला आणि बाजूला झाल्या. विठोबानं पहार घातली. ज्या बोहल्यासाठी दोन पावसाळे थांबले, ते पाऊण तासात मातीचा ढीग झालं. बाळंतपणाला अजून दोन महिने होते. त्याचं कुणी नाव काढलं नाही.

मग प्रश्न आला तळाचा. कुजक्या कड्या, बुरशी, वाळवीची वारुळं काढल्याशिवाय सुतार आत शिरायला तयार नव्हता. गावातली दोन माणसं आणली, ती बुटक्या दाराशी वास घेऊन परत गेली. शेवटी जानकीबाई विहिरीजवळच्या खोलीशी आल्या. त्या दाराशी त्या कधी आल्या नव्हत्या. त्यांनी जुडग्यातून पितळी किल्ली सोडवली.

"दसऱ्याला अवकाश आहे अजून," त्या म्हणाल्या. "तेवढं तळ साफ करून दे."

"अन् मंग?" जमुनाबाईनं आतून विचारलं.

जानकीबाईंनी किल्ली उंबऱ्यावर ठेवली, शेजारी केळीच्या पानात बांधलेले चार अनारसे ठेवले आणि गेल्या.

अनारसे मऊ पडले होते. खंडोजीनं ते तसेच नेऊन विठोबाला दिले. विठोबानं एक तोंडात टाकला. "चांगले हायत की, भिया. तू खा ना."

"तू बोहलं बांधलं, तूच फोडलं. दोन्ही टायमाची मजुरी तुला. हे बी तूच खा."

विठोबा चावायचा थांबला. मग चावून गिळला.

तीन दिवस खंडोजी आत होता. कड्या हातात घेतल्या तर पोह्यांसारख्या चुरायच्या. त्यानं त्या गोणत्यात भरून दोरानं बांधल्या की बाहेरून विठोबा ओढून काढी. फरश्या मात्र सगळ्या जागच्या जागी होत्या, एकही हललेली नव्हती. पणत्या पाचांपैकी तीन सापडल्या. चौथ्या दिवशी सकाळी तो दाराशी पाणी प्यायला बसला असता सुमंगला हळूहळू भिंत धरत आली. तिला वाकता येत नव्हतं. उभ्यानंच म्हणाली,

"काका, त्या दिवशी तुम्ही बोललात का नाही? सगळ्यांसमोर?"

खंडोजीनं तोंडातलं पाणी बाजूला थुंकलं. त्यात मातीच जास्त होती.

"बोललो होतो, ताई. दोन साल बोललो."

तिला आणखी काहीतरी म्हणायचं होतं, पण आतून जानकीबाईंनी हाक मारली, उन्हात उभी राहू नकोस म्हणून, आणि ती गेली. मीठ काय म्हणतं ते तिनं विचारलं नाही.

पूर्वेच्या सहाही जाळ्या आता मोकळ्या होत्या. गंजलेल्या होत्या, पण हवा जात होती. खंडोजीनं पंजा लावून बघितला. मग खोलीतून आणलेल्या पुडीतलं खडेमीठ त्यानं तिन्ही पणत्यांत भरलं. का भरलं, ते त्यालाही सांगता आलं नसतं. दसऱ्यानंतर ते बघायला कुणीच आत येणार नव्हतं.

"विठोबा, दोर धर," तो म्हणाला. "दक्खनेच्या टोकाची एक मोठी कडी ऱ्हायलीय. मी आतून हिसका दिल्याबगर ओढू नको."

"बरं भिया."

पणत्या पुढं सरकवत तो पालथा झाला आणि कोपरांवर आत शिरला.